अर्धा, पण कशाचा? – अपूर्णांक, संशोधन आणि आपले वर्ग



आजचा विषय पाहून काहींनी आम्हाला फोन केला. म्हणाले, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग हे पाचवी-सहावीचे अपूर्णांक मध्येच कुठून आले? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, माणसाला एखादी गोष्ट 'कळली' म्हणजे नेमकं काय झालं, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. तो पुस्तकांतून शिकवत आमची नोकरी संपली. निवृत्तीनंतर आम्ही नरखेड तालुक्यात, म्हणजे आमच्या मुळच्या भागात, शाळांमध्ये जाऊन वर्गात मागच्या बाकावर बसायला लागलो. तिथे हा प्रश्न आम्हाला अपूर्णांकाच्या तासाला जेवढा उघडावाघडा दिसला, तेवढा ग्रंथांत कधी दिसला नव्हता.

सुरुवात एका गोष्टीने करू.

दोन छेद पाच

साधारण १९६० च्या सुमाराची गोष्ट. तालुक्यातल्या एका गावची शाळा. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: १/२ + १/३. आम्ही उठलो आणि उत्तर लिहिलं: २/५. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. हातावर छडी बसली. मग शेजारच्या मित्राला उठवलं. त्याचंही उत्तर तेच, त्यालाही छडी. गुरुजींनी लसावि काढून ५/६ असं उत्तर लिहिलं आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. २/५ का चूक, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. छेद समान करायचा असतो, एवढा नियम तेवढा पाठ झाला.

आम्ही नियम पाठ करून पुढे गेलो. मित्र सातवीनंतर शाळेत आला नाही. कारणं अनेक होती, घरची होती, शेतीची होती. पण त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: गणित आपलं काम नाही.

पुढे हाच मित्र संत्र्याच्या व्यवहारात पडला. बागा पाहायच्या, माल ठरवायचा, गाडी भरायची. काही वर्षांपूर्वी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. पावणेआठ टन माल, टनाला चोवीस हजार. आम्ही कागद शोधत होतो, तोवर तो म्हणाला, "आठ टनाचे एक लाख ब्याण्णव. पाव टनाचे सहा हजार कमी. एक लाख शहाऐंशी." आम्ही म्हटलं, अरे, हे अपूर्णांकच आहेत. तो हसला. म्हणाला, "मले का समजते अपूर्णांक! ते तुह्यासारख्याचं काम."

मंडळी, आजचं आमचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर आहे. ज्याला अपूर्णांक येतात, त्याला आयुष्यभर वाटत राहिलं की आपल्याला ते येत नाहीत. अशी समजूत त्याच्या डोक्यात कुठून आली, आणि आज पाचवीत बसलेल्या मुलाच्या डोक्यात ती येऊ नये म्हणून काय करता येईल?

एकट्या नरखेडची ही गोष्ट नाही

पहिल्यांदा हे सांगू की, ही चूक जगभरची आहे. १९७८ साली अमेरिकेत एक मोठी राष्ट्रीय चाचणी झाली. तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं: १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज साधारण किती? नेमकं उत्तर काढायचं नव्हतं, फक्त अंदाज करायचा होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. आता बघा, १२/१३ म्हणजे जवळजवळ एक. ७/८ म्हणजेही जवळजवळ एक. बेरीज दोनच्या आसपास. हे उत्तर २४ टक्के मुलांनी दिलं. २८ टक्के मुलं म्हणाली १९, आणि २७ टक्के म्हणाली २१. म्हणजे कुणी वरचे आकडे मिळवले, कुणी खालचे. निम्म्याहून जास्त मुलांना समोर दोन संख्या दिसल्याच नाहीत. त्यांना चार आकडे दिसले.

संशोधकांनी याला एक नाव दिलं आहे, आपण त्याला 'पूर्णांकांचा पगडा' म्हणू. मूल पाच-सहा वर्षं फक्त पूर्ण संख्या शिकतं. आठ हे चारापेक्षा मोठे, गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं, एका संख्येनंतर ठरलेली पुढची संख्या येते. हे सगळं त्याने मेहनतीने मिळवलेलं ज्ञान असतं, आणि खरं असतं. अपूर्णांकाच्या दारात पाऊल टाकलं की ते एकदम खोटं ठरतं. १/८ हा १/४ पेक्षा लहान. अर्ध्याने गुणलं तर कमी होतं. अर्ध्याने भागलं तर वाढतं. आणि अर्ध्याच्या 'नंतरची' संख्या कोणती, तर अशी संख्याच नाही!

म्हणून संशोधनाचं पहिलं सांगणं हे: मुलाची चूक हा बहुतेक वेळा आळस किंवा निष्काळजीपणा नसतो. तो विचार असतो. जुन्या जागी बरोबर असलेला विचार मूल नव्या जागी घेऊन आलेलं असतं.

सडकी संत्री

याचा पुरावा आम्हाला कुठल्या शोधनिबंधात मिळाला नाही. तो तालुक्यातल्या एका पाचवीच्या वर्गात मिळाला.

फळ्यावर तेच उदाहरण होतं, १/२ + १/३. साठ वर्षांत उदाहरणसुद्धा बदललेलं नाही! एका मुलीने लिहिलं २/५. बाईंची परवानगी घेऊन आम्ही विचारलं, बाळ, हे कसं काढलंस? ती थोडी घाबरली, मग म्हणाली, "सर, दोन संत्र्यातला एक सडका. तीन संत्र्यातला एक सडका. सारे मिळून पाच संत्रे, सडके दोन. मंग?"

आम्ही गप्प झालो. कारण तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. दोन संत्र्यांतलं एक आणि तीन संत्र्यांतलं एक एकत्र केलं, तर पाच संत्र्यांतली दोनच होतात. क्रिकेटची सरासरी आपण अशीच काढतो, परीक्षेचे गुण असेच एकत्र करतो. हा विचार साफ आहे. फक्त तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

फरक कुठे आहे? तिच्या पहिल्या अपूर्णांकाचा 'पूर्ण' म्हणजे दोन संत्री. दुसऱ्याचा पूर्ण म्हणजे तीन संत्री. उत्तराचा पूर्ण म्हणजे पाच संत्री. तीन वेगवेगळे पूर्ण! फळ्यावर जेव्हा आपण १/२ + १/३ लिहितो, तेव्हा न बोलता एक करार केलेला असतो: दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे आहेत आणि उत्तरही त्याच पूर्णाचं आहे. अर्धी भाकरी आणि तेवढ्याच भाकरीचा तिसरा हिस्सा. हा करार मुलाला कुणी सांगतच नाही. मग त्याने तो मोडला म्हणून त्याला छडी का बसावी?

बाईंनी त्या दिवशी फार चांगलं काम केलं. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला: "तुझ्याकडे अर्धी भाकर होती. त्यात मी आणखी थोडी दिली. आता तुझ्याकडे अर्ध्याहून जास्त की कमी?" मुलगी म्हणाली, जास्त. "आणि २/५ हे अर्ध्याहून जास्त की कमी?" मुलगी थांबली. पाचाचे अर्धे अडीच. दोन हे अडीचपेक्षा कमी. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यालाच तत्त्वज्ञानात आम्ही ज्ञानाची सुरुवात म्हणतो. आपल्याच दोन समजुती एकमेकींशी भांडताहेत, हे तिला दिसलं.

पुढचं काम कागदाच्या पट्टीने झालं. २४ सेंटिमीटरची पट्टी. अर्धी म्हणजे १२, तिसरा हिस्सा म्हणजे ८, मिळून २०. आता २० सेंटिमीटर हा २४ चा कितवा भाग? चार-चार सेंटिमीटरचे तुकडे पाडले तर पट्टीत सहा बसतात आणि २० मध्ये पाच. म्हणून ५/६. आणि २/५? ती पट्टी १० सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, अर्ध्या पट्टीपेक्षाही तोकडी. समच्छेद म्हणजे काय, तर दोन्ही तुकडे एकाच मापाने मोजता येतील असं लहान माप शोधणं. लसावि ही ते माप शोधायची रीत आहे. आम्हाला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

वर्तुळाच्या पलीकडे

अपूर्णांक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक वर्तुळ येतं. त्याचे चार भाग, तीन रंगवलेले: ३/४. हे चित्र वाईट नाही, पण एकटं पडलं की अडचण करतं. कॅनडातले संशोधक टॉमस कीरन यांनी १९७६ साली दाखवून दिलं की, अपूर्णांक या एका चिन्हाच्या पोटात अनेक अर्थ आहेत. पूर्णाचा भाग हा एक अर्थ. वाटणी हा दुसरा: तीन भाकरी चौघांत. मोजमाप हा तिसरा: पाऊण मीटर कापड. गुणोत्तर हा चौथा: सिमेंटला वाळू किती. आणि 'इतक्या पट' ही क्रिया पाचवा: मजुरीच्या दीडपट.

आपल्या मुलीचं सडक्या संत्र्यांचं गणित हा गुणोत्तराचा अर्थ होता. फळ्यावरचा प्रश्न मोजमापाचा होता. चिन्ह एकच. तुम्हाला गंमत सांगतो, आमच्या तालुक्यात शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाने आडवी रेघ मारून सर्वांत आधी पाहिलेला आकडा कोणता असेल, तर तो ७/१२! तो अपूर्णांक नाहीच, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा आहेत. चिन्ह स्वतःहून काही बोलत नाही. अर्थ आपल्याला द्यावा लागतो.

फक्त रंगवलेल्या वर्तुळावर वाढलेल्या मुलाला ५/४ दिलं की ते म्हणतं, चार भागांतले पाच कसे घेणार? बरोबर आहे त्याचं. त्या चित्रात ५/४ ला जागाच नाही.

यावर आपल्याकडे काम झालं आहे, आणि फार लांब नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. तिथे के. सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटणी आणि मोजमाप हे दोन अर्थ एकत्र गुंफून अपूर्णांक शिकवण्याची पद्धत मुलांबरोबर तपासली. दुसरं काम एकलव्य संस्थेच्या जयश्री सुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, होशंगाबाद भागातलं. नरखेड स्टेशनवर इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी आणि पुढे होशंगाबाद, म्हणजे आताचं नर्मदापुरम. आपल्याच लोहमार्गावरचं संशोधन आहे हे! या दोन्ही कामांच्या मागे नेदरलँड्सच्या लेन स्ट्रीफलँड यांचा विचार आहे. त्यांनी मुलांना अपूर्णांक सांगितले नाहीत, वाटणीचे प्रसंग दिले आणि अपूर्णांक मुलांकडूनच काढून घेतले.

पद्धत साधी आहे. वर भाकरींची संख्या लिहायची, खाली मुलांची. तीन भाकरी चार मुलांत समान वाटल्या, तर एकाच्या वाट्याला ३/४. आता विचारायचं: या घरात चार मुलांत तीन भाकरी, त्या घरात तीन मुलांत दोन भाकरी. कुणाला जास्त मिळालं? नियम सांगायचा नाही. मुलं बोलू लागतात. एक मूल म्हणतं, पहिल्या घरात प्रत्येकाची पाव भाकर कमी पडली. दुसऱ्या घरात तिसरा हिस्सा कमी पडला. पाव हा तिसऱ्या हिश्शापेक्षा लहान, म्हणून पहिल्या घरात जास्त. बघा, छेद समान न करता ३/४ आणि २/३ यांची तुलना झाली. पाच भाकरी चौघांत? प्रत्येकाला एक आणि वर पाव. ५/४ ची अडचण आली का? नाही आली.

मोजमापाची बाजू पट्ट्यांनी शिकायची. एका पट्टीने बाक मोजायचा, पूर्ण पट्टी बसत नाही तिथे तिची अर्धी, पाव, तिसरा हिस्सा अशी छोटी मापं करून मोजायचं. मग ३/४ म्हणजे 'चौथाईची तीन मापं' असा अर्थ तयार होतो. वाटणीतून अपूर्णांक जन्माला येतो आणि मोजमापातून तो संख्या होतो, असं आम्ही या दोन बाजूंचं सार सांगू.

एक सावधगिरीही सांगू. आमच्या भागात अपूर्णांक म्हटलं की लगेच संत्रं सोलतात. वाटणीसाठी ठीक. पण संत्र्याच्या फोडी समान नसतात, आणि एकात दहा तर दुसऱ्यात अकरा निघतात. मोजमापासाठी संत्रं कामाचं नाही. साधन आवडीचं असून चालत नाही, त्यातून नेमकी कोणती कल्पना दिसते हे पाहावं लागतं.

आपली भाषा काय जाणते

आता आमच्या आवडीच्या भागाकडे येऊ.

मराठीत अपूर्णांकांसाठी किती शब्द आहेत, मोजा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. हे शब्द आतून उघडून बघा. सव्वा हा 'सपाद' पासून आला, पावासहित. साडे हा 'सार्ध' पासून, अर्ध्यासहित. पाऊण म्हणजे पाव ऊन, पावाने उणा. आणि अडीच? तो 'अर्धतृतीय' पासून आला. तिसरा अर्धा. दोन पूर्ण झाले, तिसऱ्याच्या वाटेवर आपण निम्म्यात आहोत! साडेतीनला आपल्या आजोबांच्या पिढीत 'औट' म्हणत, तोही तसाच, चौथा अर्धा.

हे शब्द काय सांगतात? ते जागा सांगतात. पावणेतीन म्हणजे तीनच्या अलीकडे पाव. सव्वातीन म्हणजे तीनच्या पलीकडे पाव. नरखेड स्टेशनच्या घड्याळाकडे पाहून गावातला अडाणी म्हटला जाणारा माणूससुद्धा अपूर्णांकाची संख्यारेषा वाचतो. आमचा मित्र पावणेआठ टनांचा हिशेब 'आठातून पाव वजा' असा करतो, तो याच भाषेच्या बळावर.

गंमत अशी की, अपूर्णांक हा आकृतीचा रंगवलेला तुकडा आहे एवढ्यावर न थांबता त्याला संख्यारेषेवर जागा द्या, हेच गेल्या काही दशकांतलं संशोधन आग्रहाने सांगतं आहे. अमेरिकेत २०१० साली शिक्षकांसाठी संशोधनावर आधारित एक मार्गदर्शिका निघाली. तिच्या मोजक्या शिफारशींमध्ये दोन ठळक आहेत: मुलांना वाटणीची जी उपजत समज असते तिथून सुरुवात करा, आणि संख्यारेषेचा भरपूर वापर करा. पहिली गोष्ट आपल्या चुलीपाशी आहे, दुसरी आपल्या जिभेवर.

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. आमच्या आजीला अर्धी-अधिक येत होती. १ एप्रिल १९५७ ला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, मग मेट्रिक मापं आली, आणि सोळा आण्यांचा, छटाक-शेरांचा तो हिशेब मागे पडला. ते पुन्हा आणा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या पाठांतराला स्वतःची मर्यादा होती. बाजारातले अपूर्णांक अर्ध्याच्या अर्ध्याने चालतात. ३/७ बाजारात भेटत नाही, तो शाळेतच भेटणार. पण घरून आणलेल्या पाव-पाऊणपासून ३/७ पर्यंत एक पूल हवा, तो आपण बांधला नाही. आपण मुलाला सांगितलं, तुझं 'पाऊण' दाराबाहेर ठेव आणि आत 'तीन छेद चार' शीक.

शब्दांनी फरक पडतो, हेही तपासलं गेलं आहे. कोरियन भाषेत ३/४ चं नावच 'चार भागांतले तीन' अशा अर्थाचं आहे. १९९९ च्या एका तुलनात्मक अभ्यासात कोरियन मुलं शाळेत अपूर्णांक शिकण्याआधीच योग्य चित्र जास्त चांगलं ओळखत असल्याचं दिसलं. 'तीन छेद चार' या वाचनात चौथाई ऐकूच येत नाही. म्हणून आम्ही शिक्षकांना सुचवतो: पहिले काही आठवडे ३/४ हे 'चौथाईचे तीन' असं वाचा. दुकानात आपण 'तीन पाव' म्हणतोच की! मग 'सातव्या हिश्शाचे तीन' हे मुलाला परकं वाटत नाही.

ओट्यावरच्या आमच्या मित्राचे भाऊबंदही संशोधनात सापडतात. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांची त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. तसेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तर ३७ टक्के. मुलं तीच, डोकं तेच.

उलटा करा आणि गुणा

आता शिक्षकांबद्दल. त्यांच्यावर बोट दाखवण्यासाठी हे बोलत नाही, कारण आपण सगळे त्याच साच्यातून निघालो आहोत. लिपिंग मा यांनी १९९९ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांपुढे एकच उदाहरण ठेवलं: १ पूर्णांक ३/४ भागिले १/२. उत्तर काढा आणि त्यासाठी एखादी गोष्ट रचा. चीनमधल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. अमेरिकेतल्या फक्त ९ जणांना पूर्ण बरोबर उत्तर काढता आलं, आणि बरोबर गोष्ट रचता आली ती एकाच शिक्षकाला.

तुम्ही म्हणाल, अवघड असेल. आपल्या भाषेत म्हणून बघा. पावणेदोन किलो साखर आहे. अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या. किती भरतील? तीन भरतील आणि पाव किलो उरेल. ती पाव किलो म्हणजे अर्धी पिशवी. उत्तर साडेतीन.

इथे पुष्कळ मुलं सव्वातीन म्हणतात. कारण उरली पाव किलो, आणि सव्वा म्हणजे पाव जास्त. पुन्हा तोच प्रश्न: पाव, पण कशाचा? किलोचा पाव, पण पिशवीचा अर्धा. साखरेचा ढीग तोच, पूर्ण बदलला की अपूर्णांक बदलला. 'उलटा करा आणि गुणा' हा नियम खोटा नाही. पण अर्ध्याने भागायचं म्हणजे प्रत्येक किलोत दोन पिशव्या, म्हणून दुपटीने गुणायचं, एवढं एकदा दिसलं की नियम मुलाचा स्वतःचा होतो. नाहीतर तो परीक्षेपर्यंत टिकतो.

सोमवारपासून काय करायचं

आमच्या तालुक्यात दोन शिक्षकी शाळा आहेत, एकाच खोलीत दोन-तीन वर्ग आहेत. त्यांना प्रयोगशाळा सांगून उपयोग नाही. म्हणून चारच गोष्टी सुचवतो, खर्च नसलेल्या.

एक. प्रत्येक उदाहरणाआधी 'कशाचा?' हा प्रश्न. अर्धा, पण कशाचा?

दोन. उत्तर काढण्याआधी अंदाज. अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? एकापेक्षा जास्त की कमी? दोन मिनिटं लागतात.

तीन. भिंतीवर शून्यापासून पाचपर्यंत एक दोरी. रोज एक अपूर्णांक चिठ्ठीवर लिहून मुलांनी त्याच्या जागी टांगायचा, आणि जागा तिथेच का हे सांगायचं. पावणेतीन आणि ११/४ एकाच जागी येतात, हे मुलांना स्वतः सापडू द्या.

चार. चुकांची वही. कोणती चूक, आणि मुलाने दिलेलं कारण त्याच्याच शब्दांत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा पाच वह्या समोर ठेवा आणि त्यावर तासभर बोला. संशोधन मुंबईत किंवा परदेशातच होतं असं नाही. आपल्या वर्गातली चूक नीट नोंदवून, उपाय करून, तो लागू पडला का हे प्रामाणिकपणे पाहणं, हेही संशोधनच आहे.

यातून काय मिळेल? ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांच्या दीर्घकालीन नोंदींवर रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अभ्यास प्रसिद्ध केला. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार कितपत कळला आहे, यावरून पुढे माध्यमिक शाळेतलं गणित कसं जाईल याचा चांगला अंदाज येतो. बुद्ध्यंक, घरची कमाई, आईवडिलांचं शिक्षण यांचा हिशेब वेगळा केल्यावरही येतो. अर्थात, संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, तर्कशास्त्र शिकवणाऱ्याने हे विसरू नये. पण दाराशी कुठे गर्दी होते आणि कुठून मुलं परत फिरतात, हे कळायला एवढं पुरेसं आहे.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: आता सगळीकडे दशांश आणि मोबाइल आहे. अपूर्णांक हवेतच कशाला?*

प्रश्न चांगला आहे. बीजगणित अपूर्णांकांशिवाय चालत नाही, हे एक उत्तर. पण आम्ही शेतकऱ्याचं उत्तर देऊ. वर्षानुवर्षं आपल्याकडे पिकांची पैसेवारी जाहीर होत आली. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची दखल, वर राहिली की नाही. पन्नास पैसे म्हणजे अर्धं. पण कशाचं अर्धं? जे प्रमाण उत्पन्न धरलं आहे, त्याचं. गावात भांडण होतं ते अर्ध्यावर नाही, त्या 'पूर्णा'वर होतं. कशाचे टक्के, कशातले इतके, हे विचारायची सवय पाचवीत लागली, तर ती पुढे सातबाऱ्यावरचा हिस्सा वाचताना आणि कर्जाचं व्याज समजून घेताना कामी येते. मोबाइल भागाकार करून देतो. 'कशाचा' हा प्रश्न तो विचारत नाही.

*प्रश्न: मी शिक्षिका आहे. असं शिकवायला वेळ जास्त लागतो. अभ्यासक्रम कसा पूर्ण करायचा?*

बाई, तुमची अडचण खरी आहे, ती आम्ही हलकी करणार नाही. सुरुवातीला वेळ जातोच. पण एक हिशेब करून बघा. पाचवीत शिकवलेला समच्छेद सहावीत पुन्हा शिकवावा लागतो, आठवीत पुन्हा. तो सगळा वेळ मिळवला तर? आणि एकदम सगळं बदलू नका. एका धड्यापुरतं करा, आधी आणि नंतर चुकांची वही पाहा. फरक दिसला नाही तर आमचं ऐकू नका.

शेवटी एवढंच. त्या पाचवीतल्या मुलीला बाईंनी २/५ पुसायला लावलं नाही. फळ्यावर तिचं उत्तर ठेवलं, त्याच्यापुढे लिहिलं 'पाच संत्र्यांतली दोन', आणि खाली ५/६ च्या पुढे लिहिलं 'एका भाकरीचे'. दोन्ही उत्तरं फळ्यावर राहिली, आपापल्या प्रश्नासह.

आम्ही संध्याकाळी मित्राकडे जाऊन हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे मी बी तवा चुकलो नव्हतो?"

आम्ही म्हटलं, चुकला होतास. पण वेडा नव्हतास.